हौशी ज्योतिर्विदांचीं आकाशचित्रें व त्यांचें साधनमूल्य

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कागद उभा राहतो. फार तर ताम्रपट, शिलालेख किंवा नाणें. आकाशाचें छायाचित्र हेंहि एक साधन होय, असें सहसा कोणी म्हणत नाहीं. वस्तुतः ज्या काचेवर अमुक दिवशीं, अमुक घटकेस, आकाशाचा अमुक भाग कसा होता हें उमटलें, ती काच म्हणजे मितीवार अस्सल पत्रच समजलें पाहिजे. त्यास लेखक असतो, काल असतो, स्थळ असतें आणि पुष्कळदां पाठभेदहि असतात. या जातीच्या पत्रांपैकीं कांहीं फार मोलाचीं पत्रें वेधशाळांच्या पगारी मंडळींनीं लिहिलेलीं नाहींत. कागदाच्या कारखानदारानें, इमारतींच्या मक्तेदारानें, वैद्यानें, आणि अलीकडे कुलुपें-किल्ल्यांचें काम करणाऱ्यानें तीं आपल्या परसांत वा गच्चीवर बसून लिहिलीं. त्यांचा कांहीं वृत्तांत येथें देण्याचें योजिलें आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग संस्कृताचा, आणि ज्योतिषाशीं परिचय झाला तो सिद्धांतग्रंथांच्या वाटेनें. म्हणून यंत्रांच्या बारकाव्यांपेक्षां साक्षीच्या बारकाव्यांकडे माझी दृष्टि अधिक जाईल, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

या दप्तरांतील एक अगदीं आरंभीचें पत्र गहाळ आहे. इ. स. १८५८ च्या जूनमध्यें फ्लॉरेन्स येथें डोनाटी यास एक धूमकेतु दिसला. सप्टेंबरांत तो इतका तेजस्वी झाला कीं, रस्त्यानें जाणाराहि थांबून पाहूं लागला. इंग्लंडांत सरे परगण्यांतील वॉल्टन गांवीं विल्यम अशरवुड नांवाचा एक धंदेवाईक छायाचित्रकार होता. त्यानें ता. २७ सप्टेंबर रोजीं माणसांचीं चित्रें घेण्याचें आपलें नेहमींचें भिंग आकाशाकडे वळविलें आणि अवघीं सात सेकंदें काच उघडी ठेविली. धूमकेतूचें जगांतील पहिलें छायाचित्र तें हेंच. दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेंत हार्वर्ड येथील वेधशाळेंत बाँड यानें पंधरा इंची मोठ्या दुर्बिणीनें सहा मिनिटें काच धरली. तींत डोक्याचा तेजस्वी गाभा तेवढा उमटला, शेपूट उमटलें नाहीं. अशरवुडच्या काचेवर मात्र शेपटाचा मागमूस होता असें तत्कालीन उल्लेखांवरून कळतें. याचें कारण गूढ नाहीं. पसरट, मंद उजेडाचा पदार्थ काचेवर लवकर उमटावयाचा तर भिंगाचें तोंड त्याच्या केंद्रांतराच्या मानानें रुंद पाहिजे. माणूस खुर्चीवर फार वेळ निश्चळ बसत नाहीं म्हणून छायाचित्रकारांचीं भिंगें तशीं रुंदच केलेलीं असत. वेधशाळेची लांब दुर्बीण या कामीं मागें पडली.

परंतु अशरवुडचें तें चित्र छापलें गेलें नाहीं, आणि त्याची एकहि प्रत आज अस्तित्वांत नाहीं. अस्सल गेलें, नोंद राहिली. आपल्याकडील संग्राहकांस ही स्थिति नवी नाहीं. फलाण्या सनदेचा उल्लेख दुसऱ्या एखाद्या कैफियतींत सांपडतो आणि खुद्द सनद कोणाच्या चुलींत गेली तें कळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

आतां ज्यांत साक्षीचा खरा उपयोग झाला असें उदाहरण घेऊं. वॉरन डी ला रू हा छपाई व कागदसामानाच्या मोठ्या घराण्यांतला. तिकिटांचा संग्रह करणाऱ्यांस हें नांव ओळखीचें वाटेल, कारण हिंदुस्थानचीं टपाल-तिकिटें १८५५ पासून याच घराण्याच्या छापखान्यांत छापलीं जाऊं लागलीं. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यानें अमेरिकेंत घेतलेलें चंद्राचें एक चित्र पाहिलें आणि त्याला या गोष्टीचा छंद लागला. तेरा इंची आरशाची दुर्बीण त्यानें स्वतः तयार केली होती. तिच्यांतून तो चंद्राचीं चित्रें घेऊं लागला.

त्या काळीं ज्योतिर्विदांत एक वाद चालू होता. खग्रास सूर्यग्रहणांत चंद्राच्या काळ्या बिंबाभोंवतीं तांबड्या ज्वाळांसारखे उंचवटे दिसतात. ते सूर्याचे, कीं चंद्राचे, कीं केवळ दृष्टीचा भ्रम? जो तो आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगे आणि हातानें काढलेलें चित्र दाखवी, आणि दोघांचीं चित्रें जुळत नसत. ता. १८ जुलै १८६० रोजीं स्पेनमध्यें खग्रास ग्रहण होतें. डी ला रू हा उत्तरेकडील रिव्हाबेलोसा या गांवीं आपलें यंत्र घेऊन गेला. रोमचे पाद्री आंजेलो सेक्की हे पूर्व किनाऱ्याजवळ ठाण मांडून बसले. दोघांनीं स्वतंत्रपणें चित्रें घेतलीं. मागाहून तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां तेच उंचवटे, त्याच आकाराचे, दोन्ही ठिकाणीं आढळले; इतकेंच नव्हे तर चंद्र जसजसा सरके तसतसे ते एका बाजूस झांकले जात व दुसऱ्या बाजूस उघडे पडत, हेंहि दिसून आलें. ते चंद्राचे असते तर चंद्राबरोबरच सरकले असते. वाद मिटला, ज्वाळा सूर्याच्या ठरल्या.

यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, दोन पोथ्या एकाच मातृकेवरून उतरलेल्या असल्या तर त्यांचें ऐकमत्य हा पुरावा होत नाहीं. एकीची चूक दुसरींत जशीच्या तशी उतरते. त्या भिन्न परंपरेच्या असून जुळल्या तरच पाठ विश्वसनीय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध झाली ती याच न्यायानें. डी ला रू आणि सेक्की यांचीं चित्रें या अर्थानें दोन भिन्न परंपरांच्या पोथ्या होत्या.

तथापि या काळापर्यंत छायाचित्रास तेजस्वी पदार्थच साधत. काच ओल्या द्रव्यानें माखून ती ओली असतांनाच वापरावी लागे. वाळली कीं तिची ग्रहणशक्ति गेली. कांहीं मिनिटांच्या पलीकडे उजेड सांठविणें अशक्यच होतें. १८७१ मध्यें मॅडॉक्स नांवाच्या एका इंग्रज वैद्यानें सरसाची कोरडी काच सुचविली आणि दहा वर्षांच्या आंत ती बाजारांत मिळूं लागली. या काचेनें सगळेंच बदललें. डोळा पहिल्या क्षणीं जें पाहतो त्याहून अधिक तो तासभर टक लावूनहि पाहत नाहीं. काच मात्र थेंबाथेंबानें उजेड सांठवीत जाते. न्यूयॉर्कचा वैद्य हेन्री ड्रेपर यानें हडसन नदीकांठच्या आपल्या खाजगी वेधशाळेंतून ता. ३० सप्टेंबर १८८० रोजीं मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचें चित्र ५१ मिनिटें काच उघडी ठेवून घेतलें. कोणत्याहि तेजोमेघाचें हें पहिलें छायाचित्र. दोनच वर्षांनीं, १८८२ मध्यें, ड्रेपर वारला. त्याच्या विधवेनें आपल्या द्रव्यानें हार्वर्ड येथें ताऱ्यांच्या वर्णपटांची सूचि करविली. ती आजहि ड्रेपरच्याच नांवानें चालते.

यानंतरची पायरी लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथील एका घराच्या बागेंत चढली गेली. अँड्रयू एन्स्ली कॉमन हा धंद्यानें आरोग्यविषयक कामें करणारा इंजिनिअर. त्याच्या बागेंत छत्तीस इंची आरशाची दुर्बीण होती. १८८३ च्या जानेवारींत त्यानें त्याच मृगांतील तेजोमेघाचें जें चित्र घेतलें त्यांत असे तारे उमटले कीं जे त्याच दुर्बिणींतून डोळ्यास दिसत नव्हते. येथपर्यंत छायाचित्र हें डोळ्याच्या साक्षीस दुजोरा देणारें साधन होतें; येथून पुढें तें स्वतंत्र साक्षीदार झालें. पुढल्या वर्षीं राजकीय ज्योतिष संस्थेनें कॉमन यास सुवर्णपदक दिलें. त्याची ती दुर्बीण हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉस्ली यानें विकत घेतली आणि १८९५ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेस दान केली. तिच्याच साह्यानें तेथें कीलर यानें असंख्य सर्पिल तेजोमेघ दाखवून दिले. बागेंतल्या यंत्राची ही संतति!

या कॉमनचा आपल्या पुण्याशींहि संबंध येतो. भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें येथील सायन्स कॉलेजांत जी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा झाली, तिच्यांतील ग्रब कंपनीच्या वीस इंची दुर्बिणीचा आरसा कॉमन यानें घासून दिलेला होता. वेधशाळेचे चालक प्रो. कावसजी दादाभाई नेगमवाला. ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेळीं त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ दिला होता. लिक वेधशाळेचे कँबेल हेहि तेथेंच उतरले होते. राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड याच साली बाहेर पडला, हा योग सहज आठवला म्हणून नमूद केला. १९१२ मध्यें ही वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालास गेली.

आतां आयझॅक रॉबर्ट्स. या गृहस्थाचें प्रकरण थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. जन्म १८२९, वेल्समधील डेन्बिगशर परगण्यांत. धंदा लिव्हरपूल येथें इमारतींच्या मक्त्याचा. पैसा मिळविला आणि उतारवयांत आकाशाकडे वळला. लिव्हरपूलजवळ मॅगल येथें घराला लागून त्यानें वेधशाळा बांधिली व तींत वीस इंची आरशाची दुर्बीण बसविली. ता. २९ डिसेंबर १८८८ च्या रात्रीं त्यानें देवयानी नक्षत्रांतील मोठ्या तेजोमेघाकडे चार तास काच उघडी ठेविली. हिंवाळ्याची इंग्लंडांतील रात्र, दुर्बीण घड्याळाच्या चालीनें ताऱ्यामागें फिरत असतांहि तिची चूक क्षणोक्षणीं हातानें सुधारावयाची, असें चार तास! ज्यानें एकदां तरी जीर्ण मोडी पत्र भिंगाखालीं धरून चार तास वाचलें असेल, त्यालाच या चिकाटीची कल्पना येईल.

या तेजोमेघाचीं हातानें काढलेलीं चित्रें पूर्वीं होतींच. १८४७ च्या सुमारास हार्वर्डच्या बाँड यानें त्यांत दोन काळे, जवळजवळ सरळ पट्टे पाहून रेखाटले होते आणि ते ‘कालवे’ म्हणून प्रसिद्ध होते. ते काय असावेत, यावर चाळीस वर्षें तर्क चालले. रॉबर्ट्सची काच धुवून बाहेर निघाली तेव्हां कालवे नाहींसे झाले. ते कालवे नव्हतेच. मध्यबिंदूभोंवतीं वळसे घेत गेलेल्या तेजाच्या पट्ट्यांमधील त्या मोकळ्या जागा होत्या. डोळ्यास तुकडाच दिसला, म्हणून त्यानें तुकड्यालाच नांव दिलें. आपल्याकडे पोथीचें एक पान सांपडलें कीं त्यावर एक स्वतंत्र ग्रंथ कल्पिण्याची जी संवय आहे, ती फारशी निराळी नाहीं.

परंतु पुढें काय झालें? ह्या वळशांचा अर्थ रॉबर्ट्सनें असा लाविला कीं, लाप्लास म्हणतो त्याप्रमाणें वायूच्या फिरत्या राशींतून एक नवी सूर्यमाला घडत आहे व तिचीं कडीं आपणांस दिसत आहेत. पुष्कळ विद्वानांनीं माना डोलविल्या. १९२३ च्या ऑक्टोबरांत हबल यानें माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीनें घेतलेल्या काचेवर त्याच तेजोमेघांत एक रूपविकारी तारा ओळखला, आणि त्यावरून निश्चित झालें कीं ही घडती सूर्यमाला नसून आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा आहे. आज तिचें अंतर सुमारें पंचवीस लक्ष प्रकाशवर्षें धरतात. म्हणजे रॉबर्ट्सची टीका सपशेल चुकली. मूळ पाठ मात्र अक्षरशः खरा राहिला. टीकाकार व लेखक एकच असला तरी मूळ आणि टीका वेगळीं ठेवलीं पाहिजेत. रॉबर्ट्सनें तीं वेगळीं ठेविलीं होतीं, हा त्याचा मोठेपणा. १८९३ व १८९९ मध्यें त्यानें आपल्या निवडक चित्रांचे दोन खंड छापविले. त्यांत प्रत्येक चित्राखालीं दिनांक, काच किती वेळ उघडी होती तो काल, आणि आकाशांतील स्थान दिलेलें आहे. त्यामुळें त्याचें मत टाकून देऊनहि त्याचें चित्र वापरतां येतें.

त्याचें आणखी एक काम कमी गाजलेलें, पण मला अधिक शिकविणारें वाटतें. विल्यम हर्शेल यानें १८११ मध्यें आकाशांतील ५२ जागा अशा सांगितल्या होत्या कीं जेथें त्यास पसरट, अंधुक तेज दिसलें. रॉबर्ट्सनें त्या बावन्नहि जागांचीं चित्रें घेतलीं आणि फक्त चार ठिकाणीं तेज आढळल्याचें प्रसिद्ध केलें. ‘आढळलें नाहीं’ हा पुरावा मोठा नाजूक असतो. शोधक कच्चा असेल, भिंग अपुरें असेल, काच कमी वेळ उघडी असेल. परंतु काच जपून ठेविली असेल तर दुसरा कोणी पुन्हां तपासूं शकतो. नुसतें मत जपलें असेल तर काय तपासावयाचें? १९०४ मध्यें रॉबर्ट्स वारला. त्याची पत्नी डोरोथिया क्लुम्पके ही पॅरिसच्या वेधशाळेंत काम केलेली विदुषी. तिनें पतीच्या काचा नीट लाविल्या आणि १९२९ मध्यें त्या बावन्न जागांचा चित्रसंग्रह छापून काढला. पंचवीस वर्षें एका माणसाचें दप्तर दुसऱ्यानें सांभाळून प्रसिद्ध करावें, हें आपल्याकडेहि क्वचितच घडतें.

विसाव्या शतकांत मोठमोठे आरसे झाले आणि परसांतला ज्योतिर्विद मागें पडला. पुण्यास १९४४ मध्यें ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तशा संस्था ठिकठिकाणीं होऊन छंद टिकला खरा. मग शतकाच्या अखेरीस काचेची व फिल्मची जागा विद्युत्-संवेदी पटलानें घेतली. फिल्म शंभर प्रकाशकणांतले दोनतीन टिपी. हें पटल बहुतेक सगळे टिपतें. त्यामुळें परसांतल्या लहान दुर्बिणीस पूर्वींच्या मोठ्या दुर्बिणीची शक्ति आली, आणि जुनें दप्तर पुन्हां उघडलें.

या नव्या पर्वांतील जी गोष्ट आपल्या वाचकांस सर्वांत जवळची वाटेल ती अशी. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत पडूका येथें राहणारे जे मॅकनील यांनीं ता. २३ जानेवारी २००४ रोजीं तीन इंची लहानशा दुर्बिणीनें मृग नक्षत्रांतील मेसियेच्या यादींतल्या अठ्ठ्याहत्तराव्या तेजोमेघाच्या परिसराचें चित्र घेतलें. चित्र सिद्ध करतांना त्यांत पंख्याच्या आकाराचा एक अंधुक तेजःपुंज त्यांस दिसला, जो नकाशांत नव्हता. हा प्रदेश त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता, म्हणूनच अनोळखी पाहुणा ध्यानांत आला. त्यांनीं जाणत्यांस कळविलें; हवाई येथील मोठ्या दुर्बिणींनीं खातरी केली. एक अतितरुण तारा, जो धुळीच्या कवचांत झांकलेला होता, तो एकाएकीं भडकला होता आणि त्याच्या उजेडानें जवळची धूळ उजळली होती. ताऱ्याचें बालपण अशा रीतीनें डोळ्यांपुढें चाललेलें दिसणें फार विरळ. या पुंजास आज मॅकनीलचा तेजोमेघ म्हणतात.

मग प्रश्न आला, हा पूर्वीं कधीं भडकला होता काय? संशोधक जुनीं चित्रें उलगडूं लागले. मोठ्या सर्वेक्षणांच्या काचांवर तो नव्हता. आणि सांपडला कोठें, तर एका हौशी माणसाच्याच चित्रांत! अरिझोनांतील एव्हरेड क्रायमर यांनीं १९६६ मध्यें साडेबारा इंची दुर्बिणीनें त्याच भागाचें चित्र घेतलें होतें. मॅलस व क्रायमर या दोघांच्या मेसिये-संग्रहाच्या पुस्तकांत तें १९७८ मध्यें छापलेलेंहि होतें. हजारों आकाशप्रेमींच्या फळीवर तें पुस्तक होतें. शेंकडोंनीं तें पान उघडून पाहिलें असेल. पंख्याच्या आकाराचा तो डाग पानावर होता आणि कोणास दिसला नाहीं, कारण तो शोधावयाचा आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. मॅकनीलचें चित्र नसतें तर क्रायमरचें चित्र मुकें राहिलें असतें. आणि क्रायमरचें नसतें तर ही भडक पहिलीच कीं पुनरावृत्ति, हें ठरलें नसतें. ताऱ्याची ही उसळी पुढें दोन वर्षांत ओसरली, २००८ मध्यें पुन्हां आली. क्रायमर यांनीं दिनांक लिहून ठेविला होता, यावर सगळें अवलंबून होतें. तो नसता तर चित्र सुंदर असूनहि निकामी ठरतें.

ऑस्ट्रेलियांत मरमबेटमन येथील अँथनी वेस्ली यांचें वृत्त थोडक्यांत पुरे. धंदा संगणकाचा. ता. १९ जुलै २००९ च्या रात्रीं त्यांनीं साडेचौदा इंची दुर्बिणीनें गुरूचीं चित्रें घेतलीं, तों दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. प्रथम तो उपग्रह वा त्याची छाया असावी असें त्यांस वाटलें. परंतु त्याची गति व काळेपणा जुळेना, आणि दोन दिवसांपूर्वींच्या त्यांच्याच चित्रांत तो नव्हता. त्यांनीं कळवितांच दुसऱ्या दिवशीं हवाई येथील अवरक्त किरणांच्या दुर्बिणीनें खातरी झाली. कोणता तरी पदार्थ गुरूवर आदळला होता. पुढल्या वर्षीं, ३ जून २०१० रोजीं, गुरूवर क्षणभर चमकलेली एक ज्योत त्यांनींच टिपली, आणि फिलिपाइन्समधून क्रिस्टोफर गो यांच्या चित्रमालिकेंतहि ती सांपडली. पुन्हां दोन भिन्न परंपरांच्या पोथ्या.

अर्जेंटिनांतील रोझारिओ शहरीं कुलुपें-किल्ल्यांचें काम करणारे व्हिक्टर बूसो यांस तर दैवानेंच हात दिला, असें म्हणावयाचा मोह होतो. ता. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्रीं ते आपल्या गच्चीवरील सोळा इंची दुर्बिणीला नवा कॅमेरा लावून तो तपासून पाहत होते. त्यासाठीं त्यांनीं एन. जी. सी. ६१३ ही सुमारें आठ कोटि प्रकाशवर्षांवरची आकाशगंगा निवडली. शहराच्या दिव्यांनीं आकाश उजळलेलें. चित्र फार वेळ घेतलें तर तें पांढरें पडे. म्हणून त्यांनीं वीस वीस सेकंदांचीं पुष्कळ चित्रें घेतलीं. पहिल्या मालिकेंत कांहीं नाहीं. कांहीं वेळानें घेतलेल्या चित्रांत एक ठिपका, आणि चित्रागणिक तो अधिक तेजस्वी. एका महाताऱ्याचा स्फोट होऊन त्याच्या पृष्ठभागावर धक्क्याची लाट फुटून बाहेर पडण्याचाच तो क्षण होता. सिद्धांतांत हा क्षण वर्णिलेला होता; साध्या उजेडांत तो असा आरंभापासून कोणी पाहिला नव्हता. मेलिना बेर्स्तेन व सहकारी यांनीं फेब्रुवारी २०१८ मध्यें ‘नेचर’ पत्रांत याचें विवेचन केलें. लेखकांच्या यादींत बूसो यांचेंहि नांव आहे. यांत दैव आहे हें खरें, पण मला महत्त्वाची वाटतात तीं पहिलीं, कांहीं न दाखविणारीं चित्रें. तीं निरुपयोगी म्हणून त्यांनीं पुसून टाकलीं असतीं तर ठिपका केव्हां उगवला हें सिद्ध झालें नसतें. ‘आढळलें नाहीं’ ही नोंद येथें सोन्याच्या मोलाची ठरली.

आणि शेवटीं पुन्हां देवयानी. ज्या तेजोमेघाचें चित्र रॉबर्ट्सनें १८८८ मध्यें घेतलें, त्याचीं त्यानंतर लक्षावधि चित्रें झालीं असतील. २०२२ मध्यें फ्रान्सचे यान साँती यांनीं सुमारें चार इंची दुर्बिणीनें अनेक रात्रीं मिळून शंभराहून अधिक तास त्याच ठिकाणचा उजेड सांठविला. त्यांत ऑक्सिजन वायूच्या विशिष्ट हिरव्या-निळ्या रंगाचाच उजेड आंत सोडणारी गाळणी लावून घेतलेलीं चित्रेंहि होतीं. त्यांत आकाशगंगेच्या शेजारीं दीड अंश लांबीचा, म्हणजे तीन पूर्ण चंद्र ओळीनें ठेवावेत एवढा, एक निळा कंस उमटला. साँती, मार्सेल ड्रेक्स्लर व झेव्हियर स्ट्रॉटनेर या तिघांनीं तो घाईनें जाहीर केला नाहीं. यंत्रांतील प्रतिबिंबाचा तो दोष असूं शकेल, म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या यंत्रांच्या चित्रांशीं त्यांनीं तो ताडून पाहिला; मग २०२३ च्या जानेवारींत व्यावसायिक ज्योतिर्विदांसह तो प्रसिद्ध केला. हा कंस देवयानीच्या आकाशगंगेजवळचा, कीं आपल्याच आकाशगंगेंतला, केवळ दृष्टिरेषेंत आलेला, यावर चर्चा झाली. मागाहूनच्या अभ्यासांचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. रॉबर्ट्सच्या कडांप्रमाणें येथेंहि टीका बदलेल. चित्र बदलावयाचें नाहीं.

बदलावयाचें नाहीं खरें, पण राहील का? काच फुटते, तरी ती पेटींत पन्नास वर्षें पडून राहूं शकते. आजचीं चित्रें चक्रिकेवर असतात आणि चक्रिका बिघडली कीं गेलीं. त्याहून वाईट म्हणजे शंभर चित्रें एकत्र करून एक सुबक चित्र सिद्ध झालें कीं मूळचीं शंभर जागा अडवितात म्हणून पुसण्याची रीति आहे. ही रीति म्हणजे बखर लिहून झाल्यावर पत्रें जाळण्यासारखी आहे. बूसो यांनीं तसें केलें असतें तर त्यांच्या शोधाचा अर्धा जीव गेला असता. हौशी माणूस वारला म्हणजे त्याच्या घरच्यांस या वस्तूंचा अर्थ कळत नाहीं; दुर्बीण विकली जाते, काचा धुवून खिडकीला किंवा तसबिरीला लागतात. क्लुम्पकेसारखें माणूस प्रत्येक घरीं कोठून असणार?

आपल्या सभासदांपैकीं कित्येकांचा जुन्या वाड्यांतून, संस्थानिकांच्या घराण्यांतून, निवृत्त इंजिनिअरांच्या व वकिलांच्या घरांतून कागदांसाठीं संचार चालूच असतो. तेथें कागदांच्या रुमालांबरोबर कधीं कधीं लांकडी खांचांच्या पेट्यांत काचा आढळतात. त्यांपैकीं एखादीवर १८९८ च्या जानेवारींतील जेऊरचें ग्रहण, किंवा १९१० चा हॅलेचा धूमकेतु असूं शकेल. अशी काच दिसल्यास ती पुसूं नये. काळ्या झालेल्या कडा व पाठीवरचा कचरा वाटणारा मजकूर यांस हात लावूं नये. काचेच्या कडेस किंवा पाकिटावर जें कांहीं लिहिलेलें असेल, तिथि, घटका, गांव, भिंग, सेकंदें, तें शुद्धलेखन न सुधारतां जसेंच्या तसें उतरून घ्यावें, मालकाचें नांव त्यांच्या संमतीनें लिहावें, आणि मंडळाच्या चिटणीसांकडे कळवावें. काच मालकाच्या घरींच राहिली तरी चालेल. नोंद येथें झाली म्हणजे पुरे.